जुन्या गाडीला सुपरचार्जर बसवावा का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत कीर्तन आणि भावगीतांच्या मध्ये 'सुपरचार्जर' हा शब्द छापलेला पाहून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले की हे कुठले नवे खूळ. विषय आम्ही बाहेरून आणलेला नाही, तो आपल्याच घरांतून आला आहे. इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत आजही कितीतरी अंगणांत ताडपत्रीखाली एखादी गाडी उभी असते. कुठे फियाट ११००, कुठे अँबॅसेडर, क्वचित मॉरिस मायनर. आम्ही पाच-सहा जण रविवारी अशा गाड्यांवर काम करतो. आमच्यात कुणी बँकेतून निवृत्त झालेला आहे, कुणी पॉलिटेक्निकला शिकवतो, एकाच्या घरात तीन पिढ्या मिस्त्रीकाम आहे. गेल्या दोन वर्षांत घरातली तरुण मंडळी आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली आहेत : "गाडी सुंदर आहे, पण घाटात दम टाकते. हिला सुपरचार्जर बसवता येईल का?" त्याच घरातली वडीलधारी माणसे आम्हाला बाजूला घेऊन सांगतात, "काहीही करा, पण गाडीचं मूळ बिघडवू नका."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून आज यंत्राबद्दलही बोलू आणि त्या भांडणाबद्दलही.

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते पाहू. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे ते हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे, हवा जास्त कोंबणे अवघड. फियाट ११०० चे इंजिन १०८९ सीसीचे. ते मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरणार, म्हणजे कागदावर मिनिटाला सोळाशे लिटरहून थोडी जास्त हवा. प्रत्यक्षात तेवढी जात नाही. फिल्टर, कार्ब्युरेटर, वळणदार मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्हची अरुंद वाट यांतून हवा ओढता ओढता सिलिंडर अर्धवटच भरतो. त्यात आपले इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. इथली हवाच मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्के विरळ.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. लोहार भाता हलवतो तेव्हा कोळसा तोच असतो, पण आच वाढते. इंजिनाच्याच क्रँकवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा हा पंप हवा दाबून आत घालतो. टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या जोरावर, हा दोघांतला फरक.

भात्याची उपमा आम्ही उगाच दिलेली नाही. दोन फिरत्या पाकळ्यांचा 'रूट्स' पंप अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी बनवला. त्यांचे पेटंट १८६० चे, म्हणजे मोटारगाडी जन्मण्याच्या आधीचे. तो पंप लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा सोडायला वापरला जात असे. मोटारीत तो नंतर आला. मर्सिडीजने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्प्रेसर लावलेल्या गाड्या मांडल्या. त्यांची नावेही मजेशीर, '६/२५/४०' अशी. पहिला आकडा कराच्या हिशेबाचा, दुसरा कॉम्प्रेसरशिवायच्या अश्वशक्तीचा आणि तिसरा कॉम्प्रेसरसकटचा. पुढच्या मोठ्या मर्सिडीजमध्ये पेडल तळापर्यंत दाबले की क्लच लागून कॉम्प्रेसर फिरू लागे आणि गाडी किंकाळी फोडल्यासारखी ओरडे. म्हणजे ही ताकद गरजेपुरती काढायची, रोज वापरायची नाही, हे बनवणाऱ्यांनी नावातच सांगून ठेवले होते.

आता आपल्या घरातले भांडण. हेच भांडण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बेंटले कंपनीत झाले. एका बाजूला संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच गाड्या शर्यतीत पळवणारा टिम बर्किन. बर्किनला साडेचार लिटरची बेंटले आणखी वेगवान हवी होती. त्याने ॲमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकडून रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर तयार करून घेतला. तो रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकच्या टोकाला बसवला. पैसा डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी पुरवला. डब्ल्यू. ओ. बेंटले यांचा याला ठाम विरोध होता. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करा, आहे त्या इंजिनात हवा कोंबून त्याचा स्वभाव बिघडवू नका, असे त्यांचे मत. पण कंपनीची सूत्रे तोवर वूल्फ बार्नाटो यांच्या हाती होती आणि त्यांनी परवानगी दिली. शर्यतीच्या नियमासाठी अशा ५० गाड्या विक्रीलाही बनवाव्या लागल्या.

आकडे पाहा. साध्या साडेचार लिटर इंजिनाची ताकद ११० अश्वशक्ती. सुपरचार्जरवाल्या रस्त्यावरच्या गाडीची १७५, शर्यतीच्या गाडीची २४० च्या आसपास. केवळ आकडे पाहिले तर बर्किन जिंकला. पण १९३० च्या ल मान्सला काय झाले? बर्किनने कॅराचिओलाच्या मर्सिडीजचा असा पाठलाग केला की लोक आजही त्याची गोष्ट सांगतात. टायरचा वरचा थर उडालेला असताना त्याने मर्सिडीजला मागे टाकले. रात्रीत मर्सिडीज बंद पडली. पण शर्यतीत उतरलेल्या दोन्ही सुपरचार्जरवाल्या बेंटलेही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. पहिला आणि दुसरा क्रमांक मिळाला तो बेंटलेच्याच स्पीड सिक्सना, साडेसहा लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या. चोवीस तासांच्या परीक्षेत डब्ल्यू. ओ. बरोबर ठरले.

मात्र त्याच वर्षी पाऊला झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीत हलक्याफुलक्या बुगाट्टींच्या गर्दीत बर्किनने तीच अवजड बेंटले दुसऱ्या क्रमांकावर आणली. १९३२ साली ब्रुकलँड्सवर त्याच्या एकआसनी सुपरचार्ज्ड बेंटलेने ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम केला. एका फेरीच्या परीक्षेत बर्किन बरोबर ठरला. म्हणून आम्ही विचारणाऱ्याला पहिल्यांदा हेच विचारतो की गाडीकडून तुम्हाला एक फेरी हवी आहे, की चोवीस तास?

तिसरे उदाहरण आपल्या इंदूरचे. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, ज्यांचा माणिकबाग राजवाडा आपण सगळे जाणतो, त्यांच्याकडे अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे होती. लांबलचक चासीवर फक्त दोन माणसांची बैठक, आणि बॉडी बांधली लंडनच्या गर्नी नटिंग यांनी. आज ती गाडी भारतात नाही, पण जगभरच्या गाडीवेड्यांना इंदूर हे नाव तिच्यामुळे माहीत आहे. ड्युसेनबर्गचे साधे 'जे' इंजिन कंपनीच्या म्हणण्यानुसार २६५ अश्वशक्तीचे आणि सुपरचार्जरवाले 'एसजे' ३२० चे. हा भाता वेगळ्या जातीचा, पंख्यासारखा फिरून हवा बाहेर फेकणारा. इंजिन चार हजार फेऱ्यांवर गेले की तो चोवीस हजारांच्या आसपास फिरे.

आमच्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ड्युसेनबर्गने 'जे'ला नुसता सुपरचार्जर चिकटवून 'एसजे' केली नाही. ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड काढून पोलादी नळीचे घातले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंग जास्त कडक केल्या. बेंटलेतही सुपरचार्जरसाठी क्रँकशाफ्ट अधिक भक्कम करावा लागला. भाता मोठा केला तर भट्टीही त्या आचेला पुरणारी हवी. इंटरनेटवर सुटा सुपरचार्जर विकत मिळतो, पण त्याच्या खोक्यात भट्टी येत नाही.

आता आपल्या अंगणातल्या गाडीचा हिशेब करू. मे महिना, इंदूर, चाळीस अंश. समजा आपण चौरस इंचाला सहा पौंड एवढाच जादा दाब दिला. शर्यतीच्या मानाने हा किरकोळ. इथे हवेचा दाब सुमारे १३.८ पौंड, त्यात सहा मिळवले की दाब साधारण ४३ टक्क्यांनी वाढला. पण हवा दाबली की तापते, सायकलला हवा भरताना पंपाचे टोक चटका देते तसे. जुन्या पद्धतीचा रूट्स पंप फारसा कार्यक्षम नसतो. तो निम्म्या कार्यक्षमतेने चालतो असे धरले, तर चाळीस अंशांची हवा शंभराच्या पुढे जाते. तापलेली हवा फुगते, म्हणून दाब ४३ टक्के वाढूनही सिलिंडरमध्ये हवा मात्र अठरा-वीस टक्केच जास्त जाते. भाता फिरवायला लागणारी ताकदही इंजिनाच्याच खिशातून जाते. पेट्रोल उडताना हवेची थोडी उष्णता शोषून घेते, म्हणूनच जुन्या बऱ्याच रचनांत कार्ब्युरेटर पंपाच्या आधी ठेवत आणि पंपातून नुसती हवा नव्हे तर पेट्रोलमिश्रित हवा जाई.

दुसरा हिशेब कॉम्प्रेशनचा. इंजिनाचे मूळ कॉम्प्रेशन साडेसात धरले, तर त्या जादा दाबाने ते जवळजवळ पावणेअकरासारखे वागू लागते. तापलेले, दाबलेले मिश्रण ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्यात आपणहून भडकते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. बाहेरून डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो, आत पिस्टनचा माथा आणि हेडची पॅकिंग मार खात असते. फियाट ११०० आणि जुनी १४८९ सीसीची अँबॅसेडर, दोन्हींच्या क्रँकला आधार तीनच मुख्य बेअरिंगचा. चाळीस-पन्नास अश्वशक्तीसाठी तो पुरेसा होता. त्याच्यावर किती ओझे टाकायचे हे ठरवताना हात आखडताच ठेवावा.

इतके सांगूनही कुणाला बसवायचाच असेल, तर तो असाध्य प्रकार नाही. १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर आणि एमजीसाठी शॉरॉक नावाचे तयार संच मिळत आणि सामान्य लोक ते गॅरेजमध्ये बसवून घेत. त्याआधी १९३३ साली तात्झिओ नुव्होलारीने अल्स्टरची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली ती ११०० सीसीच्या आतल्या सुपरचार्ज्ड एमजी के-३ वर. छोट्या इंजिनाला भाता लावणे हा पाखंडीपणा नव्हे. फक्त कामाचा क्रम चुकवू नये. तो क्रम असा.

पहिले, इंजिनाची तब्येत. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर तिथेच थांबा. गरम इंजिनावर तेलाचा दाब पाहा. हेड काढून तडा आहे का ते तपासून घ्या. रिंगा झिजलेल्या इंजिनात जादा दाब घातला तर तो तेलाच्या कढईत उतरतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येते.

दुसरे, कॉम्प्रेशन उतरवणे. योग्य पिस्टन घालून किंवा हेडखाली जाड पट्टी देऊन ते कमी करता येते.

तिसरे, पुली आणि पट्टा. भात्याची पुली लहान केली की तो जोरात फिरतो आणि दाब वाढतो. हा मोह सर्वांत मोठा. पहिल्या वर्षी मोठीच पुली ठेवा. भाता धरणारा ब्रॅकेट इतका भक्कम हवा की पट्टा ताणल्यावर तो वाकता कामा नये.

चौथे, पेट्रोल आणि ठिणगी. कार्ब्युरेटरचे जेट आणि नीडल मोठ्या भुकेप्रमाणे बदलायला हवेत, कारण कमी पेट्रोल आणि जास्त हवा हेच पिस्टन जाळण्याचे सर्वांत सोपे साधन. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने नॉकिंगला थोडा आळा बसतो, पण जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होते आणि जुन्या रबरी नळ्या खराब होतात. नळ्या बदलूनच पुढे जा. टायमिंग थोडे मागे घ्या, प्लग एक दर्जा थंड घाला.

पाचवे, सुरक्षेचा व्हॉल्व्ह. पंपापासून सिलिंडरपर्यंतच्या वाटेत जळाऊ मिश्रण भरलेले असते. एक उलटा भडका उडाला तर ते सगळे एकदम पेटते. म्हणून मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवाच. त्याशिवाय गाडी सुरूही करू नये.

सहावे, थांबण्याची सोय. ड्रम ब्रेक, जुने टायर, जुना गिअरबॉक्स हे सगळे मूळ ताकदीला मोजून दिलेले आहेत. सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढताना सुपरचार्जरचे कौतुक वाटेल, उतरताना मात्र ब्रेकच कामाला येणार आहेत. ब्रेकचे काम आधी करा, सुपरचार्जरचे नंतर.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मनाने करता येत नाही, आरटीओचा संबंध येतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. ज्या घरांना आजोबांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, त्यांनी सुपरचार्जर लावून स्वतःच ती वाट बंद करू नये.

मग आमचा सल्ला काय? आम्ही गाड्यांचे दोन गट करतो.

जी गाडी अजून मूळ इंजिनावर आहे, जिचे पहिले बिल, जुनी कागदपत्रे घरात आहेत, तिला भाता लावू नये. तिचे मोल तिच्या वेगात नाही. तशी गाडी पुन्हा मिळणार नाही, आणि पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांच्या नातवंडांना ती जशी होती तशी पाहण्याचा हक्क आहे.

जिचे इंजिन पूर्वीच बदलले गेले आहे, आणि अशा अँबॅसेडर आपल्या गावात भरपूर आहेत, तिच्यावर तरुणांनी शिकावे, प्रयोग करावेत, आम्ही सोबत उभे राहू. किंवा दुसरे एखादे जुने इंजिन मिळवावे, ते भात्यासाठी बांधावे आणि मूळ इंजिन तेल लावून, खोक्यात नीट बंद करून ठेवावे. इंजिनाचा क्रमांक बदलला की त्याची नोंद आरटीओत करावी लागते, हे विसरू नये. आणि कुठल्याही गाडीवर आमचा एकच नियम : बॉडीला किंवा चासीला असे भोक पाडायचे नाही जे पुन्हा बुजवता येणार नाही. काढलेला प्रत्येक भाग, अगदी नटबोल्टसुद्धा, डब्यात चिठ्ठी लावून ठेवायचा.

आणखी एक गोष्ट तरुणांना मुद्दाम सांगायची आहे. घाटात दम टाकणारी गाडी बहुतेक वेळा जन्मतः दुबळी नसते, ती थकलेली असते. कारखान्यातून निघताना तिच्यात जी चाळीस अश्वशक्ती होती, त्यातली बरीच झिजलेल्या रिंगा, गळके व्हॉल्व्ह, चुकलेले टायमिंग, साचलेला कार्ब्युरेटर आणि चिकटून घासणारे ब्रेक यांत हरवलेली असते. ती हरवलेली ताकद आधी परत मिळवा. त्यानंतर तीच गाडी पुन्हा चालवून पाहा. बऱ्याच जणांना सुपरचार्जरची गरजच उरत नाही, आणि ज्यांना उरते त्यांचे इंजिन निदान तो सोसायला तयार झालेले असते.

म्हणून दिवाळीनंतर, थंडी पडली की, मंडळाच्या पटांगणात एका रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्रेशन गेज, टायमिंगचा दिवा आणि प्लगचे पाने घेऊन बसणार आहोत. गाडी आणा. ज्यांना वेग हवा आहे ते आणि ज्यांना मूळ जपायचे आहे ते, दोघेही बरोबर या. जुनी बिले, आरसी बुक, पहिल्या दिवसाचा फोटो जे काही असेल ते घेऊन या. प्रत्येक गाडीचे चारही सिलिंडर मोजून आकडे कागदावर लिहून देऊ. घरातली चर्चा पुढे करायची असेल तर ती त्या आकड्यांवर करावी, एवढीच विनंती. तपासणीचे पैसे नाहीत. चहा मात्र ज्याची गाडी, त्याचा.

 गणपती बाप्पा मोरया!